मरणशय्येपाशींची पाठशाळा

धर्मग्रामाच्या दप्तरांत बाप्तिस्म्याची वही असते, विवाहाची वही असते, आणि तिसरी एक मृतांची वहीही असते. महोत्सवाच्या वर्षीं पहिल्या दोन वह्या मोठ्या हौसेनें उघडल्या जातात. कोणाच्या घरीं किती लेंकरें झालीं, कोणत्या घराण्याची सोयरीक कोणाशीं जुळली, हें आनंदानें वाचलें जातें. तिसऱ्या वहीकडे मात्र हात सहसा वळत नाहीं. तथापि तींतील प्रत्येक नांवामागें एक शेवटली रात्र आहे, आणि बहुतेकांच्या उशापाशीं त्या रात्रीं कोणी तरी बसलें होतें. पूर्वीं तें माणूस बहुधा घरचें किंवा शेजारचें असे. आज पुष्कळ वेळां तें इस्पितळांतील परिचारिकेच्या रूपानें तेथें असतें. आणि ती परिचारिका कित्येकदां वीस वर्षांची, अद्यापि शिकत असलेली मुलगी असते. ही मुलगी मरणापाशीं बसावयास कोठें शिकली, तिला तें कोणीं शिकविलें, आणि मुळांत तें शिकवितां येतें काय, ह्या प्रश्नाचा इतिहास आम्ही ह्या लेखांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

महोत्सवाच्या पुस्तकांत हा विषय उदासवाणा दिसेल असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्यांतून मुली परिचारिकेचें काम पत्करून बाहेर पडल्या, अशीं घरें आपल्या समाजांत थोडीं नाहींत. त्या मुलीला नाडी पाहणें, ताप मोजणें, जखम बांधणें, सुई टोंचणें हें सर्व शिकविलें जातें आणि त्याची परीक्षाही होते. पण ज्या दिवशीं तिच्या डोळ्यांदेखत पहिला रोगी जातो, त्या दिवशीं तिच्या मनाचें काय होतें, ह्याची विचारपूस क्वचितच होते. लोकांची एक समजूत अशी कीं, कोणी जात्याच धीट असतें आणि कोणी जात्याच भित्रें. दुसरी समजूत अशी कीं, ज्याची श्रद्धा दृढ त्याला मरणाचें भय शिवत नाहीं. इतिहास पाहतां ह्या दोन्ही समजुती अपुऱ्या ठरतात. मरणाकडे पाहण्याची वृत्ति ही शिकण्याची गोष्ट आहे. ती अनुभवी माणसाच्या संगतींत, रोग्याच्या खाटेपाशीं शिकली जाते. आणि वेदना शमविण्याचें साधन हातीं असल्याखेरीज ती टिकत नाहीं. हेंच आमच्या सांगण्याचें सार आहे.

हॉस्पिस हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ पाहुणचार, आणि पाहुणचाराची जागा. मध्ययुगांत युरोपांतील यात्रेकरूंच्या वाटांवर मठवासी लोक धर्मशाळा चालवीत. थकलेला यात्रेकरू, वाटेंत आजारी पडलेला परदेशी, मरणाला टेकलेला निराधार म्हातारा, सर्वांना तेथें एकच दार असे. आजच्या फ्रान्स देशांतील बोन ह्या गांवीं निकोला रोलां ह्यानें १४४३ सालीं स्थापिलेल्या गरिबांच्या रुग्णालयाची इमारत अद्यापि उभी आहे. तिच्या मोठ्या दालनांत दोन्ही भिंतींलगत खाटांच्या रांगा आहेत, आणि दालनाच्या टोंकाला वेदी आहे. खाटेवरचा रोगी पडल्या जागेवरून मिस्सांत सहभागी होई. बरा होणारा रोगी आणि मरणारा रोगी ह्यांच्यामध्यें आज आपण घालतों तशी भिंत त्या काळच्या मनांत नव्हती.

रोग्यांच्या सेवकांची तयारी कशी असावी, ह्याचा ज्यांनीं मन लावून विचार केला त्यांत संत कमिलस द लेल्लिस (१५५०–१६१४) ह्यांचें नांव ठळक आहे. तरुणपणीं ते शिपाईगिरी करीत आणि जुगाराच्या नादीं लागलेले असत. पायाच्या बऱ्या न होणाऱ्या जखमेमुळें ते रोमच्या एका रुग्णालयांत रोगी म्हणून गेले, आणि पुढें तेथेंच सेवक झाले. पैशासाठीं राबणारे नोकर मरणाऱ्यांना कसे वाऱ्यावर सोडतात हें त्यांनीं स्वतः पाहिलें. त्यांनीं उभारलेल्या संघाला १५९१ सालीं धर्मसंघाचा पूर्ण दर्जा मिळाला. आणि त्यांतील बंधूंनीं नेहमींच्या तीन व्रतांसोबत चौथें व्रत घेतलें, तें असें कीं, महामारी असली तरी रोग्यांची सेवा सोडावयाची नाहीं. एकुलत्या आजारी लेंकराची आई जशी सेवा करिते तशी सेवा व्हावी, असा त्यांचा आपल्या लोकांस उपदेश असे. लोक ह्या बंधूंना चांगल्या मरणाचे पाद्री म्हणूं लागले. पुढें १९३० सालीं पोप अकरावे पायस ह्यांनीं संत कमिलस ह्यांना परिचारक व परिचारिका ह्यांचे आश्रयदाते म्हणून घोषित केलें.

ह्याच परंपरेंत १६४८ सालीं रोम येथें येशूसंघाच्या जेझू देवालयांत व्हिन्सेंट काराफा ह्यांनीं बोना मोर्स म्हणजे सुमरणाचा संघ स्थापिला. संसारी माणसानें धडधाकट असतांनाच आपल्या शेवटाची तयारी करावी, असा त्याचा हेतु. अशा संघांमुळें मरण ही एकट्या मरणाऱ्याची खाजगी बाब न राहतां सबंध समाजाची बाब होई. आपल्याकडील जुन्या घरांतही तसेंच होतें. कोणाचा शेवट जवळ आला कीं, शेजारपाजारचीं माणसें जमत, मेणबत्ती लावीत, जपमाळ म्हणत. आणि लहान मुलें दाराआडून तें सर्व पाहत. मरणाची पाठशाळा घरांतच भरत असे. तरीही त्या काळाला सोनेरी मुलामा देण्याची आमची इच्छा नाहीं. त्या घरांत प्रार्थना होती, माणसें होतीं, परंतु कर्करोगाच्या कळांवर उपाय बहुधा नव्हता. आणि पुष्कळांचा शेवट मोठ्या यातनांत होई.

एकोणिसाव्या शतकांत युरोपांत शहरें वाढलीं, गिरण्या निघाल्या, एकेका खोलींत अनेक माणसें राहूं लागलीं, आणि गरिबाला शांतपणें मरावयास घरच उरलें नाहीं. मोठीं रुग्णालयें बऱ्या होणाऱ्यांसाठीं असत. असाध्य रोग्याला तेथें जागा मिळणें कठीण पडे. ही उणीव भरून काढावयास ज्या पुढें सरसावल्या त्यांत कॅथॉलिक स्त्रिया अग्रभागीं होत्या. लियों शहरांत जान गार्निये ह्या तरुण विधवेनें, पति व दोन्ही मुलें गमावल्यावर, १८४२ सालीं आपल्यासारख्याच विधवांचा एक संघ काढला व त्याला कालव्हरीचें नांव दिलें. कर्करोगानें पोंखरलेल्या गरीब स्त्रियांच्या जखमा ह्या विधवा आपल्या हातांनीं धूत. स्वतः दुःख भोगलेल्या बाईलाच दुसऱ्याच्या दुःखापाशीं बसतां येतें, असें जणूं हें शिक्षण होतें.

डब्लिन शहरांत माता मेरी एकनहेड (१७८७–१८५८) ह्यांनीं १८१५ सालीं आयरिश सिस्टर्स ऑफ चॅरिटी हा धर्मभगिनींचा संघ स्थापिला. १८३४ सालीं सेंट व्हिन्सेंट रुग्णालय सुरू करण्यापूर्वीं त्यांनीं आपल्या कांहीं भगिनींना पॅरिसच्या रुग्णालयांत शुश्रूषा शिकावयास धाडलें. ही गोष्ट लहान दिसते. पण नुसती दया पुरत नाहीं, हातही शिकलेले पाहिजेत, हें त्यांनीं ओळखलें होतें हें तींतून कळतें. हॅरल्ड्स क्रॉस येथील ज्या मठांत त्यांनीं स्वतःचे शेवटले दिवस आजारपणांत काढले, त्याच ठिकाणीं १८७९ सालीं त्यांच्या भगिनींनीं मरणोन्मुखांसाठीं हॉस्पिस उघडलें. त्याच संघानें १९०५ सालीं लंडनच्या हॅकनी ह्या गरीब वस्तींत सेंट जोसेफ हॉस्पिस स्थापिलें. मठजीवनाची रीतच अशी असते कीं, नवी भगिनी जुन्या भगिनीच्या हाताखालीं राहून शिकते. तेथें मरणाकडे पाठ फिरविण्याची सोय नव्हती, आणि तें एकटीनें पाहण्याचा प्रसंगही सहसा नव्हता.

अमेरिकेंत रोझ हॉथॉर्न ह्या बाईंची गोष्ट ह्याच जातीची आहे. प्रसिद्ध कादंबरीकार नाथानियल हॉथॉर्न ह्यांची ही कन्या. १८९१ सालीं तिनें कॅथॉलिक धर्म स्वीकारला. १८९६ सालीं, वयाची पंचेचाळिशी गांठतांना, ती न्यूयॉर्कच्या कर्करोग रुग्णालयांत शुश्रूषा शिकावयास गेली, आणि मग शहराच्या गरीब भागांत खोल्या भाड्यानें घेऊन निराधार कर्करोग्यांची सेवा करूं लागली. कर्करोग संसर्गजन्य आहे असें त्या काळीं पुष्कळांस वाटे, म्हणून त्या रोग्यांच्या जवळ कोणी जाईना. १९०० सालीं ह्या कामांतून डॉमिनिकन भगिनींचा एक नवा संघ उभा राहिला. एका श्रीमंत नांवाच्या घरची स्त्री प्रथम विद्यार्थिनी होऊन बसली, आणि मगच सेविका झाली, हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

ह्याच सुमारास दुसरीकडे एक मोठा बदल घडत होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंच्या प्रेरणेनें १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा निघाली, आणि शुश्रूषेला शास्त्राचें रूप आलें. त्या सुधारणेनें असंख्य जीव वांचले. परंतु विसाव्या शतकांत औषधें, शस्त्रक्रिया आणि यंत्रें जसजशीं बलवान झालीं, तसतसें मरण हें रुग्णालयाला आपला पराभव वाटूं लागलें. ज्या गोष्टीची लाज वाटते ती कोणी शिकवीत नाहीं. मरणाऱ्या रोग्याची खाट कोपऱ्यांत गेली, भोंवतीं पडदा आला, आणि विद्यार्थिनीला सांगण्यांत आलें कीं, मनाला लावून घेऊं नये, कामाला लागावें.

ह्याचा परिणाम काय झाला, तें पुढें अभ्यासकांनीं शोधून काढलें. इझाबेल मेंझिस ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं लंडनमधील एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयांतील परिचारिकांचा अभ्यास १९६० सालीं प्रसिद्ध केला. त्यांना असें आढळलें कीं, कामाची वांटणी मुद्दाम अशी केलेली होती कीं, एका मुलीचा एका रोग्याशीं फार वेळ संबंध येऊं नये. एकीनें सर्वांचा ताप पाहावा, दुसरीनें सर्वांचीं अंथरुणें नीट करावीं, असें काम तुकड्यातुकड्यांनीं चाले. रोग्याला नांवानें न ओळखतां खाटेच्या आंकड्यानें किंवा दुखऱ्या अवयवाच्या नांवानें ओळखलें जाई. नियमाचा अंमल इतका कीं, झोंपलेल्या रोग्याला जागें करून झोंपेची गोळी देण्यांत येई. ही सारी व्यवस्था कामाच्या सोयीसाठीं आहे असें वरवर दिसे. मेंझिस बाईंच्या मतें ती दुःखाच्या व भयाच्या धास्तीपासून परिचारिकांना दूर ठेवण्यासाठीं आपोआप वाढलेली तटबंदी होती. आणि मौज अशी कीं, तिनें भय कमी होण्याऐवजीं तें तसेंच आंत राही.

अमेरिकेंत बार्नी ग्लेझर आणि ॲन्सेल्म स्ट्राउस ह्या समाजशास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं मरणाऱ्या रोग्यांविषयीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला आपला शेवट कळलेला असतो, घरच्यांना तो ठाऊक असतो, परिचारिकेलाही ठाऊक असतो, आणि तरी सर्वजण मिळून कांहींच न घडल्याचें नाटक करितात, हा प्रकार त्यांनीं बारकाईनें नोंदविला. त्यांच्याच बरोबर काम केलेल्या जीन क्विंट ह्या परिचारिका-संशोधिकेनें १९६७ सालच्या आपल्या पुस्तकांत शिकणाऱ्या मुलींकडे दृष्टि वळविली. मुलीच्या वांट्याला पहिला मरणारा रोगी येतो तो बहुधा योगायोगानें. शिक्षिकेचें लक्ष कृति बिनचूक झाली कीं नाहीं ह्यावर. आणि रोग्यानें मी मरणार काय असें विचारलें तर काय बोलावें, हें कोणी सांगितलेलें नसे. आपल्या हातून चूक होऊन रोगी दगावेल हें मुलीचें भय, आणि रोग्याच्या प्रश्नाचें भय, अशीं दोन भयें घेऊन ती वावरे. मग तीही खाटेपासून लांब राहावयास शिके. म्हणजे मरणाविषयीं कांहींच शिकविलें नाहीं असें म्हणतां येणार नाहीं; पळून जाणें मात्र उत्तम रीतीनें शिकविलें गेलें.

ह्या दोन धारा, मठांतील सेवेची व रुग्णालयांतील शास्त्राची, ज्या स्त्रीनें एकत्र आणिल्या, ती म्हणजे सिसिली सॉन्डर्स (१९१८–२००५). ती पंथानें अँग्लिकन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सेंट थॉमसच्या नाइटिंगेल शाळेंत ती परिचारिका झाली. पाठीच्या दुखण्यामुळें तें काम सोडावें लागलें, तेव्हां रोग्यांच्या घरगुती अडचणी पाहणारी आल्मनर झाली. ह्या कामांत तिची डेव्हिड तास्मा नांवाच्या वॉर्सा येथील एका ज्यू निर्वासिताशीं गांठ पडली. तो कर्करोगानें मरत होता, आणि लंडनमध्यें त्याला कोणी नव्हतें. मरणाऱ्यांसाठीं कसें घर असावें ह्याविषयीं दोघांचें बोलणें होई. १९४८ सालीं तो वारला, तेव्हां त्या अद्यापि न बांधलेल्या घराची एक खिडकी आपली असावी असें सांगून त्यानें तिला पांचशें पौंड ठेविले.

त्यानंतर ती बेजवॉटर येथील सेंट ल्यूक्स ह्या मरणोन्मुख गरिबांच्या घरीं सायंकाळीं विनावेतन शुश्रूषा करूं लागली. तेथें तिनें एक साधी पण मोलाची रीत पाहिली. इतर रुग्णालयांत रोगी कळवळून ओरडला म्हणजे औषध दिलें जाई. येथें कळ परत येण्यापूर्वींच ठरल्या वेळीं औषध दिलें जाई. ह्या विषयांत काम करावयाचें तर डॉक्टर झालें पाहिजे असें ठरवून ती वैद्यक शिकली, आणि १९५७ सालीं डॉक्टर झाली. १९५८ पासून सात वर्षें तिनें हॅकनीच्या सेंट जोसेफ हॉस्पिसांत आयरिश भगिनींच्या सोबत काम केलें. त्या भगिनींपाशीं रोग्याजवळ स्वस्थपणें बसण्याची विद्या होती. सॉन्डर्स बाईंनीं तेथें मॉर्फिन तोंडावाटे नियमानें देण्याची पद्धत व प्रत्येक रोग्याची काळजीपूर्वक नोंद आणिली. रोग्याची वेदना नुसती शरीराची नसते. मनाची, घरच्या काळजीची आणि आत्म्याची वेदनाही तींत मिसळलेली असते, हा विचार तिनें येथेंच परिपक्व केला. १९५९ सालीं तिनें इंग्लंडांतील परिचारिकांच्या साप्ताहिकांत मरणाऱ्यांच्या शुश्रूषेवर लेखमाला लिहिली. आणि १९६७ सालीं लंडनच्या सिडनहॅम भागांत सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस उघडलें. सेवा, शिक्षण आणि संशोधन हीं तिन्ही कामें तेथें आरंभापासून एकाच छपराखालीं ठेविलीं गेलीं.

येथें आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत एक शंका येईल: दुःख हें ख्रिस्ताच्या दुःखाशीं जोडावयाचें असतां तें औषधानें कमी करावें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर पोप बारावे पायस ह्यांनीं २४ फेब्रुवारी १९५७ रोजीं भूलतज्ज्ञ डॉक्टरांपुढें केलेल्या भाषणांत दिलें. दुसरा उपाय नसेल, आणि रोग्याच्या धार्मिक व नैतिक कर्तव्यांस अडथळा येत नसेल, तर वेदना शमविण्यासाठीं गुंगीचें औषध देणें योग्य आहे. त्यामुळें आयुष्य कांहींसें कमी होण्याचा संभव असला तरीही, मरण आणणें हा हेतु नसल्यानें, तें गैर नाहीं. म्हणून वेदना शमविणारी परिचारिका श्रद्धेच्या विरुद्ध जाते असें समजण्याचें कांहींच कारण नाहीं.

सॉन्डर्स बाईंचें कार्य परिचारिकांच्या शिक्षणांत शिरलें तें फ्लॉरेन्स वॉल्ड ह्या अमेरिकन बाईंमुळें. त्या येल विद्यापीठाच्या परिचर्या शाळेच्या प्रमुख होत्या. १९६३ सालीं तेथें सॉन्डर्स बाईंचें व्याख्यान त्यांनीं ऐकिलें. पुढें प्रमुखपद सोडून त्या सेंट क्रिस्टोफरला जाऊन स्वतः काम शिकल्या. आणि त्यांच्या प्रयत्नानें १९७४ सालीं कनेक्टिकट राज्यांत अमेरिकेंतील पहिलें आधुनिक हॉस्पिस सुरू झालें. शाळेची मुख्य बाई पुन्हां विद्यार्थिनी होते, हें दृश्य विरळा.

शिक्षणानें वृत्ति बदलते असें म्हणावयाचें तर वृत्ति मोजावी कशी? कॅथरिन फ्रॉमेल्ट ह्या परिचारिका-शिक्षिकेनें १९९१ सालीं त्यासाठीं एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तींत तीस विधानें आहेत, आणि प्रत्येकाशीं आपण कितपत सहमत आहों हें पांच पायऱ्यांवर सांगावयाचें असतें. एकूण गुण तीसपासून दीडशेंपर्यंत. विधानें मोठीं प्रामाणिक आहेत. मी मरतोय का असें रोग्यानें विचारलें तर विषय बदलून हंसतखेळत बोलावें, हें एकाचें तात्पर्य. आपला रोगी आपण जवळ नसतांना मरावा अशी इच्छा होईल काय, हें दुसऱ्याचें. मरणविषयक शिक्षण घेतलेल्या परिचारिकांचे गुण वाढल्याचें त्यांना दिसलें. २००३ सालीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांविषयींही त्यांनीं तसाच अनुभव प्रसिद्ध केला. तेव्हांपासून ही प्रश्नावली अनेक देशांतील शाळांत वापरली गेली आहे. अर्थात् कागदावरचें उत्तर आणि खाटेपाशींचें वर्तन ह्यांत अंतर असूं शकतें, हें विसरतां कामा नये. म्हणून २००० सालीं अमेरिकेंत परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेनें व कॅलिफोर्नियांतील सिटी ऑफ होप ह्या संस्थेनें जो उपक्रम काढला, त्याचा रोख आधीं शिक्षिकांनाच शिकविण्यावर ठेविला. जी स्वतः पडद्यामागें उभी राहते, ती दुसरीला पडदा बाजूला करावयास कशी शिकवील?

तर मग हॉस्पिसांत मुलगी नेमकें काय शिकते? पहिली गोष्ट, ती एकटी पाठविली जात नाहीं. अनुभवी परिचारिकेबरोबर जाते. कोरडें पडलेलें तोंड ओल्या कापसानें पुसणें, ओंठांना ओलावा देणें, पाठीला क्षतें पडूं नयेत म्हणून रोग्याला हलक्या हातानें कुशीवर वळविणें, हीं कामें ती शिकते. वेदना किती आहे हें रोग्यालाच विचारावयाचें, तो सांगेल तें खरें मानावयाचें, आणि लिहून ठेवावयाचें, हें ती शिकते. शेवटच्या तासांत श्वास कधीं थांबून पुन्हां चालूं होतो, घशांत घरघर होते. ती ऐकून घरचीं माणसें घाबरतात. ह्याचा अर्थ काय, हें त्यांना शांतपणें सांगावयास ती शिकते. प्रश्नाला लगेच उत्तर न देतां खाटेजवळ खुर्ची ओढून बसावयास ती शिकते, आणि हें सर्वांत कठीण जातें. मरण आल्यावर देह आदरानें स्वच्छ करून नीट ठेवावयास ती शिकते. आणि मग शिक्षिका तिला बाजूला घेऊन विचारते कीं, तुला काय वाटलें? रडूं आलें तर तें कमीपणाचें नाहीं, हें तिला तेथें कळतें. भय नाहींसें होतें असें नाहीं. भय असूनही काम करतां येतें, असा अनुभव येतो.

आपल्या देशाचा वृत्तान्त ह्या इतिहासाला जोडून पाहण्यासारखा आहे. मदर तेरेसा ह्यांनीं १९४८ सालीं कलकत्त्याच्या वस्त्यांत काम सुरू करण्यापूर्वीं पाटण्याला मेडिकल मिशन भगिनींच्या रुग्णालयांत शुश्रूषेचें थोड्या काळाचें शिक्षण घेतलें. आणि १९५२ सालीं कालीघाट येथें मरणोन्मुखांसाठीं निर्मल हृदय हें घर उघडलें. रस्त्यावर मरणाऱ्या माणसाला मानानें मरूं द्यावें, हा धडा त्या घरानें साऱ्या जगाला दिला. त्याच वेळीं, तेथें तीव्र वेदनांवर बलवान औषधें नाहींत अशी टीका १९९४ सालीं लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनीं केली. ही टीका आम्ही आदर राखूनच सांगतों, कारण ती आमच्या मुद्द्याची साक्ष आहे: प्रेमानें माणूस खाटेपाशीं येतो, पण औषध हातीं नसेल तर त्यानें करावें तरी काय?

औषधाची ही अडचण केवळ एका घराची नव्हती. अमली पदार्थांविषयींच्या १९८५ सालच्या कायद्यानें मॉर्फिन ठेवण्यासाठीं इतके परवाने लागूं लागले कीं, पुष्कळ रुग्णालयांनीं तें ठेवणेंच सोडलें; २०१४ सालच्या दुरुस्तीनें ही वाट सोपी करण्याचा प्रयत्न झाला. मधल्या काळांत कांहीं धीरांचीं माणसें आपल्या परीनें काम करीत होतीं. मुंबईंत टाटा रुग्णालयांतील कर्करोगाचे शस्त्रवैद्य डॉ. लुईस द सोझा ह्यांनीं १९८६ सालीं वांद्रें येथें माउंट मेरीच्या टेंकडीवर शांति आवेदना सदन हें देशांतील पहिलें हॉस्पिस स्थापिलें. त्याची शाखा गोव्यांत लोटली येथेंही आहे. १९९३ सालीं केरळांतील कालिकत येथें वेदनाशमनाचें केंद्र निघालें. तेथें गांवच्या सामान्य माणसांनाही रोग्याच्या घरीं जाऊन सेवा करावयास शिकविण्यांत आलें. आणि २००८ सालीं त्या राज्यानें ह्या सेवेविषयीं स्वतंत्र धोरण जाहीर केलें. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ सालच्या नव्या अभ्यासक्रमांत उपशामक शुश्रूषेचा पाठ बी. एस्सी. करणाऱ्या मुलींसाठीं ठेवण्यांत आला आहे. पुस्तकांत पाठ आला ही आनंदाची गोष्ट आहे. मुलगी खाटेपाशीं कोणाच्या सोबतीनें जाते, ह्यावर त्याचें फळ अवलंबून राहील.

आतां प्रश्न आपल्या घरांचा. रुग्णालयाच्या ज्या नाटकाविषयीं आम्हीं वर सांगितलें, तेंच नाटक आपल्या घरांतही होत असतें. आजाऱ्याला खरें कळूं नये म्हणून सर्वजण कुजबुजतात. धर्मगुरूंना बोलाविलें तर तो धास्ती घेईल म्हणून तैलाभ्यंग लांबणीवर टाकितात, आणि धर्मगुरु येतात तेव्हां आजारी बेशुद्ध असतो. वस्तुतः व्हॅटिकन महासभेनें १९६३ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, हा संस्कार केवळ अगदीं शेवटच्या घटकेचा नाहीं. आणि १९७२ सालीं पोप सहावे पॉल ह्यांनीं त्याचा नवा विधि लागू केला. तो आजाऱ्याला बळ देण्यासाठीं आहे. त्याला ऐकूं येत असतां, हात जोडतां येत असतां तो व्हावा, आणि पवित्र कम्युनिअन ही वाटेची शिदोरी त्याला जाणतेपणीं मिळावी.

परिचर्या शिकणारी मुलगी सुटींत घरीं येते. आपण तिला पगाराचें, परीक्षेचें, परदेशच्या नोकरीचें विचारतों. कधीं ती सांगूं लागते कीं, आज आमच्या वॉर्डांत एक आजी गेल्या. आणि आपण म्हणतों, जेवतांना असलें बोलूं नकोस. त्या एका वाक्यानें आपणही पडदा ओढतों. तिला ऐकावें, हें घरानें करावयाचें पहिलें काम. धर्मग्रामांतील वडील परिचारिकांनीं, सेवानिवृत्त झालेल्या भगिनींनीं, अशा मुलींना वर्षांतून एकदोनदां एकत्र बोलवावें, आणि आपले अनुभव सांगावे, हें दुसरें. आजाऱ्यांना भेटणाऱ्या मंडळींनीं नुसत्या फळांच्या पिशव्या घेऊन न जातां कोठल्या तरी हॉस्पिसांत चार दिवस काम शिकून यावें, हें तिसरें. ह्याला मोठा निधि लागत नाहीं, इमारत लागत नाहीं. वेळ लागतो, आणि शिकण्याची तयारी लागते.

कालव्हरीवर क्रुसापाशीं मोजकींच माणसें उभीं होतीं, आणि त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. त्यांच्या हातीं औषध नव्हतें, आणि त्यांचें मनही भंगलेलें होतें. तरी त्या तेथून हलल्या नाहींत. आपल्या मुलींच्या हातीं आज औषध आहे, विद्या आहे. त्यांना तेथें उभें राहतां यावें म्हणून कोणी तरी त्यांच्या शेजारीं उभें राहिलें पाहिजे. तें आपण करूं या. आणि जी मुलगी आज रात्रीं कोठल्याशा वॉर्डांत परक्या माणसाचा हात धरून बसली असेल, तिच्यासाठीं प्रार्थना करूं या.